व्हिजिटिंग कार्डाचे दोन पूर्वज

व्यवसायाची मूल्ये दाखवणारे दर्जेदार कार्ड कसे असावे, याची चर्चा बहुधा कागद, अक्षर आणि रंग यांपासून सुरू होते आणि तिथेच संपते. तिच्या मुळाशी असलेला शब्दांचा गुंता मात्र क्वचितच कोणी सोडवायला घेतो. मराठीत आपण ज्याला सर्रास व्हिजिटिंग कार्ड म्हणतो, ते त्या शब्दाच्या मूळ अर्थाने व्हिजिटिंग कार्ड नाहीच. नाव एका घराण्याचे आणि काम दुसऱ्याचे, अशी ही वस्तू आहे.

नाव लिहिलेली पट्टी पुढे करण्याची रीत फार जुनी आहे; चीनमध्ये तिसऱ्या शतकातील थडग्यात तशा लाकडी पट्ट्या सापडल्या आहेत. आजच्या कार्डाला थेट आकार दिला तो मात्र युरोपातील दोन वेगवेगळ्या प्रथांनी. पहिली प्रथा भेटपत्राची. अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकात प्रतिष्ठित घरी भेटीस गेलेला माणूस दारातल्या नोकराच्या हाती हे पत्र ठेवत असे. त्यावर नाव, असल्यास किताब आणि फार तर पत्ता एवढेच असे. कोपरा दुमडलेला असेल तर पाहुणा स्वतः येऊन गेला, असा त्याचा अर्थ होई. उपजीविकेचा उल्लेख त्यावर अशिष्ट मानला जाई आणि सामाजिक भेटीत धंद्याचे कार्ड पुढे करणे हा शिष्टाचाराचा भंग समजला जाई.

दुसरी प्रथा दुकानदाराची. लंडनमध्ये सतराव्या शतकापासून व्यापारी आपल्या मालाची यादी, दुकानावरच्या पाटीचे चिन्ह आणि तिथे पोहोचण्याची खूण छापून वाटत असत, कारण इमारतींना क्रमांक देण्याची पद्धत १७६० च्या दशकापर्यंत रुळलेली नव्हती. या छापील पत्राच्या मागच्या कोऱ्या बाजूवर पुष्कळदा गिऱ्हाइकाचा हिशेबही लिहिला जाई. थोडक्यात, भेटपत्र जेवढे गप्प, तेवढे हे पत्र बोलके होते.

आजच्या कार्डात हे दोन्ही स्वभाव एकत्र नांदतात, आणि रचनेविषयीचे बहुतेक वाद त्यातूनच निघतात. मधोमध फक्त नाव आणि भोवती भरपूर मोकळी जागा ठेवणारा रचनाकार पहिल्या प्रथेतून बोलत असतो, तर सेवांची यादी, तीन दूरध्वनी क्रमांक आणि घोषवाक्य यांचा आग्रह धरणारा ग्राहक दुसरीतून. दोघेही आपापल्या परंपरेला धरूनच असतात. पण दर्जेदार म्हणून वाखाणणी होते ती बहुतांशी पहिल्याच प्रकाराची. ज्याला स्वतःची ओळख सांगण्याची गरज पडत नाही तो मोठा, ही दरबारी समजूत त्या मोकळ्या जागेत अजून टिकून आहे, असे म्हणणे फारसे अतिशयोक्तीचे होणार नाही.

मराठीत हा गुंता आणखी एका शब्दाने वाढतो. ‘व्यावसायिक’ हे विशेषण आपण पेशालाही लावतो आणि धंद्यालाही. वैद्य, वकील, वास्तुरचनाकार हे व्यावसायिक आणि गाळ्यात बसून विक्री करणाराही व्यावसायिकच. ‘धंदेवाईक’ म्हटले की तेवढा सूर बदलतो. त्यामुळे व्यावसायिक मूल्ये कार्डातून दिसावीत असे म्हणताना पेशाचा संयम अभिप्रेत आहे की धंद्याची तत्परता, हे स्पष्ट होत नाही. हा फरक केवळ अभिरुचीचा नव्हता. अनेक देशांत वकिलांच्या आणि वैद्यांच्या जाहिरातीवर नियमांनी बंधने घातली. अमेरिकेत १९०८ साली वकिलांसाठी जी आचारसंहिता ठरली, तिने गिऱ्हाईक मिळवण्यासाठी जाहिरात करणे गैर ठरवले. साधे छापील कार्ड मात्र व्यक्तीच्या रुचीवर आणि स्थानिक प्रथेवर सोपवले. त्या देशातील वकिलांच्या जाहिरातीवरची सरसकट बंदी १९७७ च्या एका न्यायालयीन निकालाने उठली. तोवर अनेक पेशांपुरते तरी कार्डाचे साधेपण ही निवड नव्हती, परवानगीची सीमा होती. पुढे बंधन सैल झाले तरी तेच साधेपण उंची अभिरुचीचे लक्षण म्हणून उरले.

छपाईच्या तंत्रातही असाच प्रकार घडलेला दिसतो. ताम्रपटावर कोरून केलेल्या छपाईत शाई कागदावर किंचित उठून येते आणि मागच्या बाजूला बोटाला दाब जाणवतो. ही महागडी पद्धत न परवडणाऱ्यांसाठी विसाव्या शतकाच्या आरंभी थर्मोग्राफी आली. ओल्या शाईवर राळेची भुकटी टाकून ती तापवली की अक्षर फुगते. पण मागची बाजू सपाटच राहते, म्हणून जाणकार कार्ड उलटे करून त्यावर बोट फिरवून पाहत. खिळामुद्रणाची कथा याहून गमतीची आहे. खिळे जुळवून छापणाऱ्या जुन्या कारागिराच्या दृष्टीने कागदात रुतलेला ठसा हा दोष होता, कारण त्याने खिळे झिजत आणि पाठीमागचा मजकूर बिघडे. शाईने कागदाला हलका स्पर्श करावा, एवढेच त्याला अपेक्षित असे. हे तंत्र रोजच्या छपाईतून हद्दपार झाल्यावर, गेल्या दोन-तीन दशकांत ते हौशी कार्यशाळांमधून परत आले, तेव्हा पॉलिमरच्या साच्याने जाड सुती कागदात खोल रुतवलेला ठसा हेच त्याचे मुख्य आकर्षण ठरले. आज ज्याला हस्तकौशल्याची खूण मानून जादा पैसे मोजले जातात, ते काम जुन्या मुद्रकाने बहुधा परत पाठवले असते.

१९८५ च्या सुमारास मेजावरचा संगणक, पानरचनेची प्रणाली आणि लेझर मुद्रक एकत्र आले आणि अक्षरजुळणी जुळाऱ्याच्या हातून गेली. कोणालाही काहीही रचता येऊ लागल्यावर रचना स्वस्त झाली आणि दर्जाची खूण साहित्याकडे सरकली: मॅट लॅमिनेशन म्हणजे चकाकी नसलेले पातळ प्लास्टिकचे आवरण, स्पॉट यूव्ही म्हणजे ठरावीक भागापुरताच चकाकता लेप, सोनेरी फॉइल आणि सर्वांत मोठ्या आवाजात जीएसएमचा आकडा. हा आकडा जाडीचा नसून दर चौरस मीटर कागदाचे वजन सांगतो. दाबून गुळगुळीत केलेले ३०० जीएसएमचे आर्ट कार्ड हे लेप नसलेल्या तेवढ्याच वजनाच्या कागदापेक्षा पातळ भरते, तरीही केवळ आकडा वाढवून भारदस्तपणा विकत घेता येतो, हा समज टिकून आहे. प्रत्यक्षात कार्ड हलके वाटते ते पुष्कळदा वजनामुळे नव्हे, तर बारीक करड्या अक्षरांमुळे, कडेला चिकटलेल्या मजकुरामुळे किंवा चारी बाजूंना तीन मिलिमीटरचे ब्लीड, म्हणजे कापणीच्या रेषेबाहेर वाढवलेली छपाई, न सोडल्याने कापणीनंतर दिसणाऱ्या पांढऱ्या रेघेमुळे.

आकाराबाबत एकमत कधीच झाले नाही. अमेरिकेत साडेतीन बाय दोन इंच, युरोपात ८५ बाय ५५ मिलिमीटर आणि जपानमध्ये ९१ बाय ५५ मिलिमीटर ही मापे रूढ आहेत. यांतले युरोपीय माप बँकेच्या प्लास्टिक कार्डाच्या प्रमाणित आकाराला, म्हणजे ८५.६० बाय ५३.९८ मिलिमीटरला, जवळजवळ जुळते. पाकिटाच्या कप्प्यात सहज बसणे ही त्याची मोठी सोय.

१९९४ साली जपानमध्ये वाहनांच्या सुट्या भागांवर लक्ष ठेवण्यासाठी तयार झालेला क्यूआर कोड स्मार्टफोननंतर कार्डावर आला आणि बोलक्या दुकानदारी पत्राला नवी मागची बाजू मिळाली. यादी, नकाशा आणि पोहोचण्याची खूण सगळे त्या चौकोनात गेल्यामुळे दर्शनी बाजू पुन्हा भेटपत्रासारखी गप्प ठेवता येते. त्यासाठी कोडाभोवती, तो ज्या बारीक ठिपक्यांसारख्या चौकटींनी बनतो तशा चार चौकटींच्या रुंदीची कोरी जागा आणि गडद-फिकट रंगांतला ठळक फरक लागतो. चकाकत्या फॉइलवर छापलेला कोड अनेकदा वाचलाच जात नाही. त्याहून महत्त्वाचा निर्णय कोडात काय भरायचे हा आहे. संपर्काचा तपशील थेट भरला तर कोड दाट होतो आणि क्रमांक बदलताच जुना पडतो; मधल्या सेवेमार्फत वळवणारा दुवा भरला तर मजकूर नंतर बदलता येतो, परंतु त्या सेवेची वर्गणी थकली की वाटलेली सगळी कार्डे एकाच दिवशी मुकी होतात.