नवं कॉलेज कुलगुरूंच्या सहीने मिळत नाही

'कुलगुरूंची ओळख असेल तर कॉलेज मिळतं' हे वाक्य गावोगावी वर्षानुवर्षं फिरतंय. ते चुकीचं आहे आणि त्यापायी संस्थाचालकांचा वेळ वाया जातो, म्हणून हा खुलासा.

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, 2016 नुसार कोणत्या भागात कोणतं कॉलेज हवं, हे पाच वर्षांच्या बृहत् आराखड्यात ठरतं. तो विद्यापीठाचं अधिष्ठाता मंडळ (विद्याशाखा प्रमुखांचं मंडळ) तयार करतं. पुढे विद्यापीठातल्याच विद्या परिषद (अभ्यासविषयक निर्णय घेणारं मंडळ), व्यवस्थापन परिषद (कारभार पाहणारं मंडळ), अधिसभा (सिनेट) असा त्याचा प्रवास होतो आणि मंजुरी राज्याच्या उच्च शिक्षण आयोगाची लागते. आराखड्यात ठिकाण नसेल, तर अर्जच पुढे सरकत नाही. असलं तरी अंतिम परवानगी देतं राज्य शासन. विद्यापीठ त्यानंतर संलग्नता देतं, म्हणजे कॉलेजला आपल्याशी जोडून घेतं.

कुलगुरूंना तातडीचे अधिकार आहेत, हे खरं. पण ते वापरल्यावर संबंधित मंडळाला कळवावंच लागतं.

आराखडा जिथे जातो त्या अधिसभेत नोंदणीकृत पदवीधरांचे (विद्यापीठाकडे मतदार म्हणून नाव नोंदवलेल्या पदवीधरांचे) 10 निवडून आलेले प्रतिनिधी बसतात. अर्थसंकल्पही तिथेच मंजूर होतो. मला तर हीच जागा सर्वांत मोलाची वाटते, आणि तिथेच आपण मतदार म्हणून नाव नोंदवत नाही. आपल्या तालुक्यात विज्ञान शाखा हवी असेल, तर आराखडा तयार होत असताना मागणी लेखी द्या.