ताबा नेमका कधी सुटतो?

महामार्गावरच्या अपघाताच्या बातमीत एक वाक्य ठरलेलं असतं: ‘चालकाचा गाडीवरील ताबा सुटल्याने...’ कधी सुटला, ते मात्र कुणी लिहीत नाही. बहुतेकदा धडकेच्या बरंच आधी.

समजा, दोन गाड्या शेजारशेजारच्या लेनमधून चालल्या आहेत. एकीचा वेग ताशी १०० किलोमीटर, दुसरीचा १२०. पुढे रस्ता अडवून आडवा झालेला ट्रक दोघांना एकाच क्षणी दिसतो. डोळ्यांना दिसलेलं मेंदूला उमगून पाय ब्रेकवर जाईपर्यंत साधारण दीड सेकंद जातो. तेवढ्यात पहिली ४२ मीटर पुढे गेलेली असते, दुसरी ५०. कोरड्या रस्त्यावर ब्रेक नीट लागले, तर पहिली आणखी ५५ मीटरवर थांबते. ट्रक तिथेच असेल, तर ती कशीबशी वाचली. आणि दुसरी? त्याच जागी तिचा वेग अजून ताशी ७५ किलोमीटरच्या वर असतो! ‘वीसनं काय होतंय?’ म्हणणाऱ्यांनी हे गणित एकदा स्वतः मांडून पाहावं. गाडीतली ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, त्याचा हा हिशेब. टायर झिजलेले असले किंवा रस्ता ओला असला, तर तोही कोलमडतो.

आदळणं एकदाच होत नाही. आधी गाडी आदळते, मग माणूस गाडीच्या आत आदळतो, आणि शेवटी अवयव शरीराच्या आत. छातीतली महाधमनी एके ठिकाणी मागच्या बाजूला जखडलेली असते, तिच्यावरचा कमानीसारखा भाग मात्र बराचसा मोकळा. हा भाग पुढे झेपावला की त्या सांध्याशीच ती फाटते. बाहेरून ओरखडाही नसतो. नील्स बोलिन यांनी १९५९ मध्ये व्होल्वोसाठी आणलेला तीन-बिंदू सीटबेल्ट दुसरी धडक बरीच सौम्य करतो. मागच्या सीटवर बसणाऱ्यांना भौतिकशास्त्रात सूट नाही, पण ते बेल्ट लावत नाहीत.

झोपेचं गणित वेगळंच. पहाटेच्या सुमारास शरीर आपणहून मंदावतं. ताशी १०० च्या वेगात चार सेकंदांची डुलकी म्हणजे १११ मीटर, तेही चालकाविना. ब्रेकच्या खुणा उमटत नाहीत, कारण ब्रेक दाबायला कुणी जागं नसतं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगभरच्या रस्त्यांवर वर्षाला सुमारे ११ लाख ९० हजार माणसं मरतात. ५ ते २९ वर्षं वयोगटात मृत्यूचं हे पहिल्या क्रमांकाचं कारण. निम्म्याहून अधिक मृत पायी, सायकलवर किंवा दुचाकीवर होते. त्यांच्याभोवती पत्र्याचं कवचही नसतं.

स्वीडनच्या संसदेनं १९९७ मध्ये हा प्रश्न उलटा केला: माणूस चुकणारच, तर रस्ता कसा असावा? तिथल्या अनेक महामार्गांवर दोन दिशांच्या मधोमध पोलादी तारा ताणल्या गेल्या. डुलकी लागलेल्याची गाडी समोरून येणाऱ्या ट्रकखाली जाण्याऐवजी या तारांना घासत थांबते. एक बाजू सोलून निघते, आणि चालक स्वतःच्या पायांनी खाली उतरतो.