कर्करोगाच्या काविळीत पित्तनलिकेत स्टेंट: पात्रता, कागदपत्रे आणि प्रक्रिया

स्वादुपिंड, पित्ताशय किंवा पित्तनलिकेच्या कर्करोगाने पित्ताची वाट अडली की कावीळ चढते. तोंडावाटे दुर्बीण आतड्यापर्यंत नेऊन अडलेल्या नलिकेत स्टेंट, म्हणजे बारीक नळी, बसवतात. ही तपासणी-उपचारपद्धती म्हणजे ईआरसीपी.

कोणाला? कावीळ आहे म्हणून लगेच स्टेंट, असे नसते. गाठ काढण्याजोगी असून शस्त्रक्रिया जवळ आली असेल, तर सहसा आधी स्टेंट टाकत नाहीत. थंडी वाजून ताप, असह्य खाज, आधी केमोथेरपी द्यायची असणे, शस्त्रक्रिया लांबणे किंवा गाठ काढता न येणे ही स्टेंटची कारणे. जठराचे किंवा वजन घटवण्याचे जुने ऑपरेशन झाले असेल तर ते पहिल्याच भेटीत सांगा. अशा वेळी दुर्बीण तिथवर पोहोचेलच असे नाही. मग त्वचेतून यकृतात सुई घालून पित्त काढण्याचा मार्ग असतो.

काय न्यावे? बिलिरुबिन (कावीळ किती ते), प्लेटलेट आणि आयएनआर (रक्त नीट गोठते का ते) यांचे ताजे रिपोर्ट, बायोप्सी झाली असल्यास तिचा रिपोर्ट, चालू औषधांची यादी, ओळखपत्र, विमा असल्यास पूर्वमंजुरीचे कागद. सीटी स्कॅनचा नुसता रिपोर्ट पुरत नाही, सीडीही हवी. सीटी शक्यतो स्टेंटच्या आधीच करून घ्या. नंतर स्टेंटमुळे गाठीचा विस्तार नीट कळत नाही. घाईत हेच राहून जाते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या मनाने बंद करू नका, डॉक्टरांना विचारा.

त्या दिवशी साधारण 6 तास उपाशी राहावे लागते. संमतीपत्रावर सही करण्यापूर्वी स्वादुपिंडाला सूज, रक्तस्राव, जंतुसंसर्ग हे धोके समजून घ्या आणि स्टेंट प्लास्टिकचा की धातूचा, हेही विचारा. प्लास्टिकचा साधारण 3 महिन्यांत तुंबतो, बदलावा लागतो. धातूचा जास्त टिकतो, पण आवरण नसलेला एकदा बसला की सहसा काढता येत नाही. म्हणून कर्करोगाचे निदान पक्के नसताना तो टाकणे टाळतात.

डिस्चार्ज कार्डावर स्टेंटचा प्रकार, लांबी-रुंदी, बसवल्याची तारीख आणि प्लास्टिकचा असल्यास बदलण्याची तारीख लिहून घेतल्याशिवाय घरी जाऊ नका. कावीळ उतरायला काही आठवडे लागतात. पुन्हा थंडी-ताप आला किंवा डोळे पिवळे झाले, तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी रुग्णालय गाठा. कार्ड सोबत असू द्या.