अप्रत्यक्ष कथनातील काळबदल (इंग्रजी व्याकरण)

दुसऱ्याचे बोलणे अवतरणचिन्हांत न ठेवता स्वतःच्या वाक्यात गुंफून सांगताना इंग्रजीत आतल्या क्रियापदाचा काळ बहुधा एक पायरी मागे सरकतो. शाळेत हा भाग ‘डायरेक्ट-इनडायरेक्ट स्पीच’ या नावाने शिकवतात.

मराठीत काळ असा सरकत नाही. ‘मी आजारी आहे, असं तो म्हणाला’ यात ‘आहे’ टिकतो आणि ‘मी’सुद्धा. मराठी आतल्या वाक्याचा काळ मूळ बोलण्याच्या क्षणापासून मोजते, तर इंग्रजी सहसा सांगणाऱ्याच्या क्षणापासून. म्हणून इंग्रजीत ‘ही सेड ही वॉज इल’. याचे शब्दशः मराठी ‘तो आजारी होता, असं तो म्हणाला’ असे केले, तर आजार बोलण्याच्या आधीचा वाटतो. उलट दिशेने ‘ही सेड दॅट आय अ‍ॅम इल’ असे लिहिले, की आजारी सांगणाराच ठरतो. मराठीभाषकांच्या बहुतेक चुका याच फरकातून येतात.

काळ मागे जातो तो मुख्य क्रियापद भूतकाळात असेल तेव्हा: सेड, टोल्ड, आस्क्ड. सेज, हॅज सेड किंवा विल से असल्यास आतला काळ हलत नाही.

‘वर्क’चे ‘वर्क्ड’ होते, ‘इज वर्किंग’चे ‘वॉज वर्किंग’. ‘हॅज वर्क्ड’ आणि ‘वर्क्ड’ हे दोन्ही ‘हॅड वर्क्ड’ला येऊन मिळतात, त्यामुळे नुसत्या ‘हॅड वर्क्ड’वरून मूळ वाक्य ओळखता येत नाही. पूर्ण भूतकाळाला मागे जायला पायरीच उरत नाही, तो तसाच राहतो. साध्या भूतकाळाचा ‘हॅड’ मात्र दर वेळी लागत नाही. ‘शी सेड शी वॉज बॉर्न इन 1990’ यात घटनाक्रम उघड आहे. तिथे ‘हॅड बीन’ घालणे ही स्वाध्यायाची सवय, भाषेची गरज नव्हे.

साहाय्यक क्रियापदांत विलचे वुड, कॅनचे कुड, मेचे माइट होते. वुड, कुड, माइट, शुड, ऑट टू बदलत नाहीत. ‘मस्ट’ सक्तीचा असेल तर ‘हॅड टू’ होऊ शकतो. अंदाजाचा (‘ही मस्ट बी टायर्ड’) असेल तर तसाच ठेवावा.

सार्वकालिक सत्याचा काळ बदलूच नये, असे शिकवले जाते. ते जरा कडक आहे. ‘ही सेड द अर्थ इज राउंड’ आणि ‘वॉज राउंड’ दोन्ही शुद्ध. पण वर्तमानकाळ ठेवला, की ते विधान आजही लागू आहे असे सांगणारा स्वतः सुचवतो. म्हणूनच ‘दे सेड द अर्थ वॉज फ्लॅट’ इथे ‘इज’ खटकतो.

प्रश्नात काळाबरोबर शब्दक्रमही बदलतो. ‘व्हेअर डू यू लिव्ह?’चे ‘ही आस्क्ड व्हेअर आय लिव्ड’ होते. ‘व्हेअर डिड आय लिव्ह’ ही नेहमीची चूक. हो-नाहीच्या प्रश्नाला ‘इफ’ किंवा ‘व्हेदर’ जोडतात. आज्ञेत ‘टू’सह मूळ क्रियापद येते (‘ही टोल्ड मी टू वेट’), त्यामुळे काळाचा प्रश्नच नाही.

‘टुमॉरो’चे ‘द नेक्स्ट डे’, ‘हिअर’चे ‘देअर’ हे बदल यांत्रिक नाहीत. निरोप त्याच दिवशी, त्याच जागी सांगायचा असेल, तर दोन्ही शब्द जसेच्या तसे राहतात.