डिस्क इमेजिंग सॉफ्टवेअर निवडण्यापूर्वी: आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

संपूर्ण संगणकाचा बॅकअप घेण्यासाठी कोणते डिस्क इमेजिंग सॉफ्टवेअर (संपूर्ण डिस्कची प्रत, म्हणजे इमेज, फाइलच्या रूपात साठवणारा प्रोग्रॅम) वापरावे, असे ग्राहक आम्हाला नेहमी विचारतात. तितक्याच वेळा आमच्याकडे एक तक्रारही येते: इमेज वेळच्या वेळी घेतलेली आहे, एक्स्टर्नल डिस्कवर फाइल दिसते आहे, पण बंद पडलेल्या संगणकावर ती परत टाकता येत नाही. प्रश्न आणि तक्रार यांचा जवळचा संबंध आहे, कारण बहुतेक जण इमेज किती सहज घेता येते यावरून सॉफ्टवेअर निवडतात आणि ती परत कशी टाकायची याचा विचार डिस्क बिघडल्यावर सुरू करतात. आम्ही निवड नेमकी उलट बाजूने करायला सांगतो.

इमेज म्हणजे फायलींची नक्कल नव्हे, हे आपणास ठाऊक असेलच. इमेजमध्ये विंडोज, बसवलेले प्रोग्रॅम, सेटिंग्ज आणि संगणक सुरू होण्यासाठी लागणारे छोटे छुपे पार्टिशन (डिस्कचा वेगळा केलेला भाग) या सगळ्यांचा समावेश असतो, म्हणून नव्या डिस्कवर ती उतरवली की संगणक पूर्वीच्याच स्थितीत उभा राहतो. क्लोन, म्हणजे डिस्कची हुबेहूब प्रत, मात्र दुसऱ्या डिस्कवर थेट उतरतो आणि ती डिस्क पूर्ण व्यापतो, त्यामुळे डिस्क बदलताना तो सोयीचा असला तरी बॅकअप म्हणून इमेजच बरी, कारण एकाच एक्स्टर्नल डिस्कवर वेगवेगळ्या तारखांच्या अनेक इमेज ठेवता येतात. वनड्राइव्ह किंवा गूगल ड्राइव्हवर फायली जात असल्या तरी त्यांना या बॅकअपचा पर्याय समजू नये. इकडे बिघडलेली किंवा पुसलेली फाइल काही क्षणांत तिकडेही तशीच होते, आणि विंडोज व प्रोग्रॅम तिथे नसतातच.

आता ज्या चुकीमुळे आपला आणि आमचा सर्वाधिक वेळ जातो ती पाहू. इमेजिंग सॉफ्टवेअर विंडोजच्या आत बसवलेले असते, आणि डिस्क गेली की विंडोजबरोबर तेही जाते. अशा वेळी संगणक पेन ड्राइव्हवरून सुरू करावा लागतो. या पेन ड्राइव्हवर विंडोजची एक छोटी आवृत्ती किंवा लिनक्स आणि त्यासोबत इमेज उतरवणारा प्रोग्रॅम असतो. त्याला रेस्क्यू मीडिया किंवा रिकव्हरी मीडिया म्हणतात. चांगल्या सॉफ्टवेअरमध्ये तो तयार करण्याची सोय असते, आणि बरेच ग्राहक ती पायरी ‘नंतर करू’ म्हणून सोडून देतात. काही जण पेन ड्राइव्ह तयार करतात, पण त्यावरून संगणक एकदाही सुरू करून पाहत नाहीत.

मग दुसऱ्या संगणकावर घाईने पेन ड्राइव्ह बनवला जातो आणि एकामागून एक अडथळे येऊ लागतात. इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या अनेक लॅपटॉपमध्ये एनव्हीएमई डिस्क (वेगवान एसएसडीचा एक प्रकार) व्हीएमडी नावाच्या इंटेलच्या डिस्क जोडण्याच्या व्यवस्थेतून जोडलेली असते. तिचा ड्रायव्हर (ती चालवण्यासाठी लागणारा छोटा प्रोग्रॅम) पेन ड्राइव्हवर नसेल तर आतली डिस्क यादीत दिसतच नाही, आणि नवी बसवलेली डिस्कही खराब निघाली असा ग्राहकाचा समज होतो. कधी सिक्युअर बूटमुळे (अनोळखी प्रोग्रॅमवरून संगणक सुरू होऊ न देणारी सुरक्षा) पेन ड्राइव्ह सुरू होत नाही, कधी टचपॅड चालत नाही, तर कधी पेन ड्राइव्हवरच्या प्रोग्रॅमची आवृत्ती इमेजपेक्षा जुनी असल्याने इमेज उघडत नाही. संगणक चालू असताना यांपैकी प्रत्येक अडचण थोड्या वेळात सुटते. काही सॉफ्टवेअर तर पेन ड्राइव्ह बनवताना लागणारे ड्रायव्हर त्याच संगणकातून आपणहून उचलतात, पण त्यासाठी पेन ड्राइव्ह त्याच संगणकावर आणि तो धडधाकट असतानाच बनवायला हवा.

चाचणी अवघड नाही. पेन ड्राइव्ह लावून संगणक त्यावरून सुरू करावा, आतली डिस्क दिसते का, एक्स्टर्नल डिस्क दिसते का आणि तिच्यावरची इमेज उघडते का, एवढे पाहावे, आणि रिस्टोअरचे (इमेज डिस्कवर परत उतरवण्याचे) बटण न दाबता बाहेर पडावे. सॉफ्टवेअर या चाचणीत उतरले नाही, तर त्याचे इतर गुण कितीही असले तरी ते आपल्या संगणकासाठी योग्य नाही असे आम्ही मानतो. याच कारणाने आम्ही बॅकअपचे काम घेतो तेव्हा ही चाचणी केल्याशिवाय संगणक परत देत नाही आणि तिच्या वेळेचे शुल्कही घेतो. ‘इमेज तर झाली, मग आणखी थांबायचे कशासाठी’ असे काही ग्राहकांना वाटते, ते स्वाभाविक आहे. परंतु न तपासलेला बॅकअप पूर्ण झाला असे सांगणे आम्हाला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. सॉफ्टवेअरच्या क्रॅक केलेल्या प्रती आम्ही बसवत नाही, त्यामागचे कारणही हेच आहे: ज्या प्रोग्रॅममध्ये अनोळखी व्यक्तीने फेरफार केले आहेत, त्याच्या हाती संपूर्ण डिस्क सोपवणे योग्य नव्हे.

प्रत्यक्ष निवडीकडे वळताना प्रथम विंडोजच्या स्वतःच्या सोयीविषयी. कंट्रोल पॅनेलमध्ये ‘विंडोज ७’ या नावासह अजूनही दिसणारी सिस्टिम इमेजची सोय मायक्रोसॉफ्टने २०१७ पासून कालबाह्य ठरवली आहे आणि दुसरे सॉफ्टवेअर वापरण्याचा सल्ला दिला आहे. एखाद्या वेळी ती चालते, पण तिच्यावर विसंबू नये. मॅक्रियम रिफ्लेक्टची मोफत आवृत्ती बंद झाली असून ज्यांच्याकडे ती जुनी प्रत आहे त्यांना आता सुरक्षेचे अपडेट मिळत नाहीत. त्याची सशुल्क आवृत्ती मात्र भरवशाची आहे आणि तिचा रेस्क्यू मीडिया आम्हाला विशेष आवडतो. अॅक्रॉनिस ट्रू इमेज मधल्या काळात वेगळ्या नावाने विकले जात होते, आता पुन्हा जुन्याच नावाने मिळते. वेस्टर्न डिजिटल, सीगेट, किंग्स्टन यांसारख्या कंपन्यांची डिस्क असेल तर त्याची मर्यादित आवृत्ती मोफत मिळू शकते, म्हणून खरेदीपूर्वी आपल्या डिस्कच्या कंपनीचे संकेतस्थळ पाहावे. व्हीम एजंटची मोफत आवृत्ती घरच्या संगणकासाठी पुरेशी आहे, फक्त तिची मांडणी कार्यालयीन वळणाची असल्याने सुरुवातीला थोडी परकी वाटते.

क्लोनझिला आणि तिच्याच इमेज वापरणारी, पण दिसायला सोपी असलेली रेस्क्यूझिला यांचा विचार वेगळा करावा लागतो. ही दोन्ही मोफत आहेत आणि मुळातच पेन ड्राइव्हवरून चालतात, त्यामुळे ज्या पेन ड्राइव्हने इमेज उतरवायची त्यानेच ती घेतलेली असते आणि वर सांगितलेली चूक बहुतांशी आपोआप टळते. मात्र इमेज घेताना विंडोज बंद ठेवावे लागते, फक्त बदललेला भाग साठवण्याची सोय नाही, मूळ डिस्कपेक्षा लहान डिस्कवर इमेज सहजासहजी उतरत नाही, आणि बिटलॉकरने (डिस्क कुलूपबंद करण्याची विंडोजची सोय) कुलूपबंद केलेले पार्टिशन रिकाम्या जागेसकट पूर्ण उचलले जात असल्याने इमेज फार मोठी होते. महिन्यातून एकदा स्वतः वेळ काढणाऱ्या व्यक्तीसाठी ही उत्तम साधने आहेत. ज्यांना बॅकअप आपोआप व्हायला हवा, त्यांनी विंडोजमध्ये चालणारे सॉफ्टवेअर घ्यावे.

अशा सॉफ्टवेअरमध्ये इन्क्रिमेंटल की डिफरन्शियल असा प्रश्न येतो. दोन्हींत पूर्ण इमेजनंतर फक्त बदललेला भाग साठतो. इन्क्रिमेंटलमध्ये तो आधीच्या फाइलनंतरचा असतो, म्हणून प्रत्येक फाइल आधीच्या फाइलवर अवलंबून असते, त्यामुळे मधली एक जरी खराब झाली तरी पुढच्या सगळ्या निरुपयोगी ठरतात. डिफरन्शियलमध्ये प्रत्येक वेळी पूर्ण इमेजनंतरचा सगळा बदल साठतो, म्हणून तिला मूळ पूर्ण इमेज आणि शेवटची फाइल एवढ्या दोनच गोष्टी लागतात. जागा थोडी जास्त जाते, तरी घरगुती वापरासाठी आम्ही महिन्याला एक पूर्ण इमेज आणि मधल्या आठवड्यांत डिफरन्शियल असे लावून देतो.

इमेज त्याच डिस्कच्या डी पार्टिशनमध्ये ठेवू नये. डिस्क गेली की दोन्ही पार्टिशन एकत्रच जातात. एक्स्टर्नल डिस्क एफएटी३२ पद्धतीने फॉरमॅट केलेली असेल तर तिच्यावर ४ जीबीहून मोठी फाइल बसत नाही, म्हणून ती एनटीएफएस करून घ्यावी, आणि काम झाल्यावर काढून ठेवावी, कारण रॅन्समवेअर (फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा घातक प्रोग्रॅम) जोडलेल्या डिस्कलाही सोडत नाही. यूएसबी २.० च्या पोर्टवर २०० जीबीला दीड तासाहून अधिक वेळ लागतो, यूएसबी ३.० वर तेच काम साधारण अर्ध्या तासात होते.

बिटलॉकरविषयी एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही. विंडोज चालू असताना घेतलेल्या इमेजमध्ये माहिती उघड्या स्वरूपात उतरते, म्हणून इमेजला पासवर्ड द्यावा. तो विसरल्यास आम्हालाही ती उघडता येणार नाही. रिस्टोअर केल्यावर बिटलॉकर पुन्हा चालू करावे लागते, आणि बिटलॉकरचे कुलूप उघडणारी ४८ अंकी रिकव्हरी की संगणकाबाहेर, शक्यतो कागदावर, लिहिलेली असावी.

बॅकअपची मांडणी आमच्याकडून करून घ्यायची असल्यास लॅपटॉपबरोबर त्याचा चार्जर, वापरलेल्या जागेच्या किमान दुप्पट क्षमतेची एक्स्टर्नल डिस्क, ८ किंवा १६ जीबीचा रिकामा पेन ड्राइव्ह आणि ही रिकव्हरी की आणावी. डिस्क किंवा पेन ड्राइव्ह नसेल तर तपासलेले आमच्याकडे मिळतील. मात्र हार्ड डिस्कमधून टकटक असा आवाज येत असेल किंवा फायली उघडताना संगणक वारंवार अडकत असेल, तर घरी इमेज घेण्याचा प्रयत्न करू नये, कारण नेहमीचे सॉफ्टवेअर खराब जागा पुन्हा पुन्हा वाचू पाहते आणि डिस्कचे उरलेले आयुष्य त्यातच संपते. अशा डिस्कसाठी आम्ही चांगला भाग आधी आणि खराब भाग शेवटी वाचणारे वेगळे साधन वापरतो, म्हणून संगणक लगेच बंद करून तसाच घेऊन यावा.