शालेय क्रॉसकंट्री: पळण्याआधीचे कागद

"सर, पोरगं पयस ना, मंग कागद कसाले?" (पोरगं पळतं ना, मग कागद कशाला?)

नंदुरबारच्या शहादा तालुक्यातल्या एका वडिलांनी मला हे विचारलं, तेव्हा क्रॉसकंट्रीची, म्हणजे मैदानाबाहेर माती-गवताच्या वाटेने पळायच्या लांब शर्यतीची, जिल्हा स्पर्धा चार दिवसांवर होती. मुलाच्या आधारवर जन्मतारीख एक, शाळेच्या रजिस्टरला दुसरी. पोरगं खरंच पळत होतं. पाटचारीच्या कडेने रोज शेतावर जाऊन-येऊन त्याचा दम असा तयार झालेला की आमच्या शाळेत त्याच्या मागे दुसरा कोणी दिसायचाच नाही. पण यादीत नाव लागलं नाही. तेव्हापासून मी जूनमध्ये आधी कागदांचं कपाट उघडतो, मैदान नंतर.

पहिली गोष्ट: शालेय स्पर्धेत मुलाला स्वतःहून अर्ज करता येत नाही. प्रवेशिका शाळेची किंवा कनिष्ठ महाविद्यालयाची असते, त्यावर मुख्याध्यापक किंवा प्राचार्यांची सही आणि शिक्का लागतो. मुलगा बारावीपर्यंतच्या वर्गात नियमित शिकणारा हवा. स्पर्धा घेतं ते क्रीडा व युवक सेवा संचालनालय, आपल्याकडे जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयामार्फत. नाव नोंदवायची मुदत, ठिकाण, त्या वर्षी क्रॉसकंट्री कोणत्या वयोगटाला आहे आणि अंतर किती, हे सगळं याच कार्यालयाच्या परिपत्रकात येतं. परिपत्रक शाळेच्या मेलवर येऊन पडतं आणि मेल बऱ्याचदा क्लार्क बघतात, म्हणून क्रीडाशिक्षकाने त्यांच्या टेबलाशी ओळख ठेवावी. शाळेने आधी आपली नोंदणी करायची, मग खेळाडूंची नावं भरायची, प्रिंट काढून सही-शिक्का घ्यायचा, असा क्रम. सर्वर बंद पडायचा तो नेमका शेवटच्या दिवशीच, त्यामुळे शेवटचा दिवस हा दिवस म्हणून धरूच नका.

वाट तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशी चढत जाते, त्यापुढे राष्ट्रीय शालेय स्पर्धा. यात एक गोष्ट बाहेरून आलेल्या शिक्षकांना लवकर कळत नाही. जळगाव आणि धुळे या महानगरपालिका शालेय खेळांत स्वतंत्र जिल्ह्यासारख्या धरल्या जातात. म्हणजे जळगाव शहरातल्या शाळेची मुलगी मनपाच्या स्पर्धेत पळते, आणि चोपडा किंवा यावलची मुलगी आधी आपल्या तालुक्यात, मग ग्रामीण जिल्ह्यात. नंदुरबारला महानगरपालिका नाही, तिथे सहाही तालुक्यांची मुलं एकाच जिल्हा स्पर्धेत भेटतात. विभाग म्हणजे नाशिक, तिथे नाशिक जिल्ह्यातल्या पोरांशी गाठ. आश्रमशाळांच्या गुरुजींसाठी वेगळं सांगतो: आदिवासी विकास विभागाच्या प्रकल्पस्तरीय स्पर्धा ही निराळी वाट आहे. तिथे पहिला आला म्हणून क्रीडा विभागाच्या जिल्हा स्पर्धेत नाव आपोआप जात नाही. दोन्हीकडे प्रवेशिका द्यावी लागते.

वय

गट 14, 17 आणि 19 वर्षांखालील असे तीन. वय मोजायचं ते 31 डिसेंबरला. माझी सोपी रीत अशी: शैक्षणिक वर्ष ज्या सालात सुरू होतं, त्यातून 13, 16 आणि 18 वजा करायचे. 2025-26 साठी 2012, 2009 आणि 2007 आले. त्या-त्या वर्षाच्या 1 जानेवारीला किंवा त्यानंतर जन्म असेल तर मूल त्या गटात बसतं. 31 डिसेंबर 2008 चा मुलगा 17 खालच्या गटातून एका दिवसाने जातो. त्याच्यावर अन्याय झाला असं वाटतं, पण रेषा कुठे तरी ओढावी लागतेच.

आता खरं दुखणं. आपल्या भागातल्या कोणत्याही शाळेचं जनरल रजिस्टर उघडा, निम्मा वर्ग 1 जूनला जन्मलेला सापडेल. आई-वडिलांना तारीख सांगता आली नाही की गुरुजींनी शाळा उघडण्याच्या हिशोबाने 1 जून टाकून दिला. पुढे आधार काढताना कोणी वेगळंच सांगितलं. मग ग्रामपंचायतीचा जन्मदाखला शोधला तर तिसरीच तारीख. तिन्हींपैकी खरी कोणती हे आईला विचारलं, की ती म्हणते, "कापूस येचनी चालू व्हती."

म्हणून हे तीन कागद एका टेबलावर शेजारी-शेजारी ठेवा: जन्मदाखला, पहिलीच्या प्रवेशाचा जनरल रजिस्टरचा उतारा, आणि आधार. तारीख एकच हवी, नाव एकाच पद्धतीने लिहिलेलं हवं. 'पावरा' आणि 'पवरा', 'वसावे' आणि 'वसावा' हे आपल्याला एकच, टेबलामागच्या माणसाला दोन. जन्माची नोंदच झालेली नसेल तर वर्षानंतरच्या नोंदीला जिल्हा दंडाधिकारी किंवा उपविभागीय दंडाधिकारी यांचा आदेश लागतो. जन्म-मृत्यू नोंदणीच्या 1969 च्या कायद्यात 2023 ला झालेल्या दुरुस्तीपासून हे काम त्यांच्याकडे आहे. ते चार दिवसांत होत नाही, जूनमध्ये हात घातला तर हंगामापर्यंत होऊ शकतं. आणि तारीख मागे-पुढे करून मुलगा लहान दाखवायचा मोह कोणाला असेल तर सांगून ठेवतो: वरच्या पातळीवर मनगटाचा एक्स-रे काढून हाडाचं वय बघतात. रजिस्टर खोटं बोलेल, मनगट बोलत नाही.

बाकीचे कागद

चालू वर्षाचा बोनाफाईड, पासपोर्ट आकाराचे फोटो (चार जास्तीचे ठेवा), पालकांचं संमतीपत्र, डॉक्टरांचा तंदुरुस्तीचा दाखला. झेरॉक्स साक्षांकित असावी, आणि मूळ कागद स्पर्धेच्या दिवशी सोबत. फोटोवर शाळेचा गोल शिक्का अर्धा फोटोवर अर्धा कागदावर पडला पाहिजे. एका वर्षी आमचा शिक्का सगळाच कागदावर उमटला आणि मी सकाळी सात वाजता मुख्याध्यापकांच्या घरी शिक्क्यासाठी उभा होतो.

तंदुरुस्तीच्या दाखल्याला निव्वळ कागद समजू नका. 1924 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये क्रॉसकंट्री भर उन्हात घेतली, 38 धावपटू सुटले आणि 15 पोहोचले. त्यानंतर ऑलिंपिकमधून ही शर्यत गेली ती गेलीच. जळगाव-भुसावळच्या उन्हात वाढलेल्याला ते जास्त समजावून सांगायला नको. ताप असेल, सिकलसेलचा (रक्ताचा आनुवंशिक आजार) त्रास असेल, तर डॉक्टरांना ते आधी सांगा. नंदुरबारच्या पट्ट्यात सिकलसेलची तपासणी सरकारी दवाखान्यात होते. रिपोर्ट असेल तर सोबत न्या.

बूट नाहीत म्हणून कोणाला घरी बसवू नका. जागतिक ॲथलेटिक्सच्या नियमात अनवाणी पळायला मुभा आहे, एका पायात बूट घालूनही चालतं. आमच्याकडची निम्मी पोरं अनवाणीच पळतात. फक्त रस्ता आधी पायी बघून या. काळ्या मातीत सकाळचं दव असलं की बुटाला चिखलाचा गोळा चिकटतो, आणि बांधावर बाभळीचे काटे असतातच. चेस्ट नंबरला चार टाचण्या लागतात, दोन लावल्या तर नंबर दुमडतो आणि शेवटच्या ओळीत पंचाला वाचता येत नाही.

शाळेशिवाय दुसरा दरवाजाही आहे: जिल्हा ॲथलेटिक्स असोसिएशन, तिथून राज्य संघटना, तिथून भारतीय ॲथलेटिक्स महासंघ. इथले गट 16, 18 आणि 20 वर्षांखालील असतात आणि खेळाडूची महासंघाकडे नोंदणी करून युआयडी क्रमांक (महासंघाचा ओळख क्रमांक, आधार नव्हे) घ्यावा लागतो. राष्ट्रीय पातळीवर 16 खालच्यांना 2 किमी, 18 खालच्या मुलांना 6 आणि मुलींना 4, 20 खालच्या मुलांना 8 आणि मुलींना 6 किमी. शाळेच्या स्पर्धेची तयारी याच अंतरावरून ठरवू नका, तिचं अंतर परिपत्रकातलंच धरायचं.

संघाची शर्यत असेल तर हिशोब उलटा चालतो. क्रमांकांची बेरीज करायची, ज्याची कमी तो वर. जागतिक स्पर्धेत सहा जण पळतात आणि पहिल्या चौघांचे क्रमांक धरतात. एका शाळेचे चार जण 1, 9, 22 आणि 30 आले तर बेरीज 62. दुसऱ्या शाळेचे 8, 10, 11, 14 आले तर 43, आणि पहिला नंबर घरात नसूनही कप त्यांचा. त्यामुळे एका हिऱ्यामागे सगळा सराव ओतणाऱ्या शिक्षकांनी आपला चौथा पोरगा कुठे आहे तेही बघावं.

स्पर्धा संपली की प्रमाणपत्र हातात घेताना तिथेच वाचा: नाव, गट, क्रमांक, तारीख, सही. दहावी-बारावीला खेळासाठी मिळणाऱ्या वाढीव गुणांच्या प्रस्तावाला हेच जोडतात, पुढे सरकारी नोकरीतल्या 5 टक्के खेळाडू आरक्षणासाठी पडताळणीलाही हेच जातं. नावात चूक असेल तर मंडप उतरायच्या आत टेबलावर जाऊन दुरुस्त करून घ्या. शहाद्याच्या त्या मुलाने पुढच्या वर्षी जिल्ह्यात दुसरा क्रमांक घेतला, तेव्हा त्याच्या प्रमाणपत्रावर आडनाव पुन्हा चुकलं होतं. त्याचे वडीलच टेबलापाशी उभे राहिले, हातात आधार धरून.