चिकोरी किती, कॉफी किती

पुण्यात कॉफीची पूड समोर दळून देणाऱ्या दुकानात गेले की दुकानदार आधी एक प्रश्न विचारतो: चिकोरी किती घालू? बहुतेक गिऱ्हाइके ऐंशी-वीस (ऐंशी टक्के कॉफी, वीस टक्के चिकोरी) किंवा सत्तर-तीस असे सांगतात, दाट आणि काळसर डिकॉक्शनची, म्हणजे फिल्टरमधून झिरपलेल्या अर्काची, सवय असलेले साठ-चाळीसपर्यंत जातात आणि अलीकडे चिकोरी अजिबात नको म्हणणारेही वाढले आहेत. या प्रमाणामुळे कपात नेमके काय बदलते, याचा विचार मात्र सहसा होत नाही. रंग, दाटपणा, कडूपणा, सुगंध आणि तरतरी या गोष्टी बरोबरीने वाढतात आणि बरोबरीने घटतात, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात त्या वेगवेगळ्या पदार्थांमुळे येतात, पाण्यात वेगवेगळ्या वेगाने उतरतात आणि चिकोरी त्यांतल्या फक्त काही गोष्टी वाढवते.

चिकोरी हे एक मूळ आहे. सूर्यफूल आणि शेवंती यांच्याच कुळातील, निळी फुले येणाऱ्या या वनस्पतीची लागवड भारतात मुख्यतः गुजरातमधील जामनगर आणि उत्तर प्रदेशातील एटा या भागांत होते. मुळे कापून, वाळवून आणि भाजून त्यांची पूड करतात. नेपोलियनने १८०६ साली इंग्लंडच्या व्यापाराची नाकेबंदी केली, तेव्हा युरोपात कॉफी मिळेनाशी झाली आणि तिच्या जागी चिकोरीचा वापर मोठ्या प्रमाणावर रुजला. टंचाई संपली तरी चव टिकली. आपल्याकडे लोण्यासाठी प्रसिद्ध असलेल्या मुंबईच्या पोल्सनने ‘फ्रेंच कॉफी’ या नावाने विकलेली पूडही कॉफी आणि चिकोरी यांचे मिश्रणच होती. आजच्या भारतीय नियमांनुसार अशा मिश्रणात वजनाने किमान ५१ टक्के कॉफी असावी लागते आणि दोन्हींचे प्रमाण वेष्टनावर छापावे लागते. त्रेपन्न-सत्तेचाळीस असा विचित्र वाटणारा आकडा काही पाकिटांवर दिसतो, तो या मर्यादेच्या जेमतेम आत राहण्यासाठीच असावा, असे मला वाटते.

ताज्या चिकोरीच्या मुळात इन्युलिन नावाचे कर्बोदक भरपूर असते. फळशर्करेचे रेणू साखळीत जोडून ते बनलेले असते. भाजताना या साखळ्या अंशतः तुटतात, सुटलेली साखर करपत जाऊन गडद तपकिरी होते आणि उरलेले बरेचसे इन्युलिन पाण्यात सहज विरघळते. त्यामुळे भाजलेल्या चिकोरीचा ६० ते ७० टक्के भाग पाण्यात उतरू शकतो. भाजलेल्या कॉफीचा मात्र साधारण ३० टक्केच भाग विरघळण्याजोगा असतो, कारण बाकीचा भाग म्हणजे मुख्यतः बीच्या पेशींच्या भिंतींचा चोथा असतो. दहा ग्रॅम निव्वळ अरेबिका या जातीच्या कॉफीतून जास्तीत जास्त तीन ग्रॅम पदार्थ पाण्यात येतील. तेवढ्याच वजनाच्या त्रेपन्न-सत्तेचाळीस मिश्रणातून साडेचार ग्रॅमच्या आसपास येतील. कॅफीनचा हिशेब मात्र नेमका उलटा आहे. अरेबिकात कॅफीन सुमारे १.२ टक्के असते, म्हणजे पहिल्या पुडीत १२० मिलिग्रॅम आणि दुसरीत सुमारे ६४ मिलिग्रॅम, कारण चिकोरीत कॅफीन मुळीच नसते. अधिक काळे, अधिक दाट डिकॉक्शन हे कॅफीनच्या बाबतीत निम्मेच निघू शकते. कॉफीचा भाग अरेबिकाऐवजी रोबस्टा या दुसऱ्या जातीचा असेल, तर त्यात कॅफीन जवळजवळ दुप्पट, सुमारे २.२ टक्के असते आणि हिशेब पुन्हा बदलतो. म्हणून केवळ ‘चिकोरी किती’ एवढे सांगून भागत नाही; कॉफी प्लँटेशन ए किंवा पीबेरी या (सहसा अरेबिकाच्या) प्रतीची आहे की रोबस्टा चेरी, हेही विचारायला हवे.

सुगंधाच्या बाबतीत चिकोरी कॉफीची जागा घेऊ शकत नाही. कच्च्या कॉफीच्या बीला गवतासारखा मंद वास असतो. भाजताना बीमधील शर्करा आणि अमिनो आम्ले यांच्यात जी अभिक्रिया होते, तिचे वर्णन फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई-कामिय मायार याने १९१२ साली केले आणि तिला त्याचेच नाव मिळाले. या आणि इतर अभिक्रियांतून शेकडो बाष्पनशील संयुगे तयार होतात. त्यांपैकी गंधकयुक्त फरफुरिलथायॉल हे अत्यल्प प्रमाणातही ‘ही भाजलेली कॉफी आहे’ अशी ओळख पटवते. भाजलेल्या चिकोरीचा वास करपलेल्या साखरेकडे आणि मातीकडे झुकतो. तो वाईट नसतो, पण तो कॉफीचा नव्हे. दळलेल्या पुडीतून ही संयुगे झपाट्याने उडतात आणि उरलेल्यांवर हवेतील ऑक्सिजनचा परिणाम होतो. त्यामुळे महिन्याची पूड एकदम दळून आणण्यापेक्षा आठवड्यापुरती आणणे शहाणपणाचे ठरते, विशेषतः पावसाळ्यात, कारण चिकोरी दमट हवेतील ओलावा पटकन ओढून घेते आणि पुडीचे गोळे होतात.

फर्ग्युसन रस्त्यावरच्या वैशाली-रुपालीमुळे अनेक पुणेकरांना परिचित झालेली दाक्षिणात्य फिल्टर कॉफी घरी करायला दोन मजली भांडे पुरते. वरच्या भांड्याच्या छिद्रांवर पूड घालायची, दांडीची जाळीदार चकती हलकेच ठेवायची, गरम पाणी ओतायचे आणि झाकण लावून थांबायचे. पाणी फक्त स्वतःच्या वजनाने झिरपते. या झिरपण्यात आधी आम्ले आणि कॅफीन उतरतात, मग गोडसर आणि भाजल्या चवीचे पदार्थ आणि सर्वांत शेवटी जिभेला कोरडे करणारे, कडवट पदार्थ. अमेरिकेतील रसायनशास्त्रज्ञ अर्नेस्ट लॉकहार्ट यांनी १९५०च्या दशकात केलेल्या कामातून एक ठोकताळा पुढे आला: पुडीच्या वजनाच्या १८ ते २२ टक्के भाग पाण्यात आला की निव्वळ कॉफीची चव बहुतेकांना आवडते. त्याहून कमी उतरला तर ती आंबट आणि पोकळ लागते, जास्त उतरला तर कडू. चकती जोरात दाबली किंवा पूड फार बारीक असली, तर पाणी अडते आणि कॉफी या मर्यादेपलीकडे जाते. रात्री लावलेले डिकॉक्शन सकाळी कडू लागते, त्यात सुगंध उडून जाण्याचाही वाटा असतो.

पाण्याचे तापमान ९२ ते ९६ अंश सेल्सिअस असावे, असे कॉफीवरच्या बहुतेक लेखनात सांगितलेले असते. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर असल्याने येथे पाणी साधारण ९८ अंशांना उकळते. गॅस बंद करून अर्धा-पाऊण मिनिट थांबले की काम होते, तापमापक घेऊन बसण्याची गरज नाही. तापमानापेक्षा पाण्यातील क्षार अधिक फरक करतात आणि त्यांच्याकडे आपले लक्ष कमी असते. खडकवासला साखळीतील धरणांचे नळाचे पाणी पावसाचे साठवलेले, म्हणून मुळात मृदू असते. उपनगरांतील बोअरचे पाणी मात्र बेसॉल्टच्या भेगांतून फिरून आलेले असल्याने त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बायकार्बोनेट विरघळलेले असतात. थोडे मॅग्नेशियम आणि कॅल्शियम चवीचे पदार्थ बाहेर काढायला मदत करतात, परंतु बायकार्बोनेट जास्त असले तर ते कॉफीतील आम्ले निष्प्रभ करते आणि चिकमगळूरची उत्तम अरेबिकासुद्धा सपाट लागते. आरओच्या यंत्रातून येणारे, जवळजवळ क्षारविरहित पाणी हे दुसरे टोक होय. दोन्ही पाणी घरात असेल, तर ते मिसळून पाहण्यासारखे आहे. महागड्या उपकरणापेक्षा या प्रयोगाचा गुण लवकर येतो, असे माझे मत आहे.

मराठी घरांतील जुनी कॉफी याहून वेगळी. दूध, साखर आणि पूड एकत्र उकळायची, जायफळ किंवा वेलदोडा घालायचा आणि गाळणीने गाळायची. या पद्धतीला नाके मुरडणाऱ्यांचा एक मुद्दा खरा आहे: उकळीबरोबर सुगंध निघून जातो, स्वयंपाकघरभर दरवळणारा वास म्हणजे कपातून कमी झालेला वास. पण दुधातील केसीन हे प्रथिन कॉफीतील क्लोरोजेनिक आम्लांशी आणि इतर पॉलिफेनॉलांशी बांधले जाते, त्यामुळे कडवट-तुरट धार बोथट होते. हरवलेल्या सुगंधाची जागा जायफळ घेते. त्याचा सुवास बाष्पनशील तेलांचा असतो आणि ती स्निग्धांशात चांगली विरघळतात. सायीच्या दुधात जायफळ खुलते, याचे कारण तेच. ते ताजे किसावे आणि गॅस बंद केल्यावर घालावे, चिमटीच्या मर्यादेत. चमचाभर जायफळ मात्र घातक ठरू शकते, कारण त्यातील मिरिस्टिसिन मोठ्या मात्रेत मळमळ, घशाला कोरड आणि भ्रम निर्माण करते.

झटपट कॉफी साखरेबरोबर फेटून फेस आणण्याचा प्रकार चालतो तो तयार विद्राव्य पुडीवरच. तिच्यात चोथा नसतो, सगळाच विरघळणारा भाग असतो. थेंबभर पाण्यात तो इतका दाट होतो की त्यातील फेसकारक पदार्थ हवेचे बुडबुडे धरून ठेवतात आणि साखरेच्या चिकटपणामुळे ते लवकर फुटत नाहीत. दळलेल्या पुडीला कितीही फेटले तरी हात दुखण्यापलीकडे काही होत नाही.

उकळलेल्या आणि धातूच्या जाळीतून गाळलेल्या कॉफीत कॅफेस्टॉल हा तेलकट पदार्थ राहतो आणि तो रक्तातील वाईट कोलेस्टेरॉल वाढवू शकतो. कागदी गाळणी, जी मेलिटा बेंट्झ या जर्मन गृहिणीने १९०८ साली प्रचारात आणली, तो बराचसा अडवते. दिवसाला चार-पाच कप उकळलेली कॉफी पिणाऱ्यांनी आणि कोलेस्टेरॉलची तक्रार असलेल्यांनी हे ध्यानात घ्यावे. एका कपाने घाबरून जाण्याचे कारण नाही.

संध्याकाळच्या कपाचा प्रश्न वेगळाच आहे. निरोगी प्रौढाच्या शरीरातून निम्मे कॅफीन निघून जायला साधारण पाच तास लागतात, म्हणून पाचला घेतलेल्या शंभर मिलिग्रॅमपैकी पन्नास दहा वाजताही रक्तात फिरत असते. ॲडेनोसिन हे मेंदूला झोपेची चाहूल देणारे रसायन; कॅफीन त्याच्या ग्राहींवर जागा अडवून बसते आणि ती चाहूल पोहोचू देत नाही. अशा वेळी निव्वळ चिकोरी, भाजलेले सातू किंवा भाजलेले चिंचोके यांचा काढा करून पाहता येतो. चिंचोक्यांत पाणी धरून ठेवणारे कर्बोदक असल्याने तो बुळबुळीत न होण्यासाठी पूड जाडसर ठेवून झटकन गाळावी लागते. चिकोरीतील इन्युलिन आतड्यांतील उपयुक्त जीवाणूंचे खाद्य असले तरी काहींना त्याने पोट फुगते. शिवाय भाजणीतून तयार होणारे ॲक्रिलामाइड हे आरोग्याला अपायकारक मानले जाणारे रसायन चिकोरीत कॉफीपेक्षा अधिक असते. युरोपीय संघाने ठरवलेली निर्देशक पातळी भाजलेल्या कॉफीसाठी किलोमागे ४०० मायक्रोग्रॅम, तर निव्वळ चिकोरीच्या पेयपुडीसाठी ४,००० आहे.

पावसाळ्यात पुण्याच्या टेकड्यांवर आणि रस्त्यांच्या कडेला माजणाऱ्या टाकळ्याच्या बियाही भाजून कॉफीसारख्या वापरल्या जातात. येथे सावधगिरी हवी, कारण त्याच्या शेजारीच त्याचा भाऊबंद कासविंदा उगवतो आणि त्याच्या बिया विषारी आहेत. पश्चिम उत्तर प्रदेशात लहान मुलांना यकृत, स्नायू आणि मेंदू यांना ग्रासणारा जो जीवघेणा आजार होत असे, त्याचा संबंध कासविंद्याच्या कच्च्या बिया खाण्याशी असल्याचे डॉक्टरांनी दाखवून दिले. भाजल्याने विषाचा जोर कमी होतो, पण घरच्या तव्यावर तो किती उतरला हे कळायला मार्ग नाही. टाकळ्याची पाने टोकाला गोलसर, सहसा तीन जोड्यांची, आणि शेंग बारीक, लांब व वाकडी असते. कासविंद्याच्या पानांना टोक असते, जोड्या चार ते सहा असतात आणि शेंग चपटी असते. हा फरक पानांवरून झाड उभे असतानाच पाहता येतो, पण कोणीतरी गोळा करून पिशवीत आणून दिलेल्या बियांवरून तो ओळखण्याच्या भानगडीत पडू नये.